बायकोचे नऊ चेहरे

दुसऱ्यांचे नवरे लग्नाच्या वाढदिवसाला फुलं आणतात. हिचा नवरा कॅलिपर घेऊन यायचा. पडला शिल्पकार. वाकड्या पायांचं ते लोखंडी माप बायकोच्या कपाळाला, गालांना, हनुवटीला लावायचं, आकडे कारखान्याच्या भिंतीवर लिहायचे आणि महिन्याभरात तिचं डोकं मातीत घडवून भाजायचं, हा नऊ वर्षांचा नेम. आता ती नऊ डोकी गॅलरीच्या मधल्या दालनात रांगेने मांडली होती. बाकीच्या दालनांतल्या दगडी घोड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

बायको मात्र त्या दालनात पाय ठेवायला राजी नव्हती. पहिलं डोकं नाजूक होतं. पुढे पुढे नाक फुगत गेलेलं, भुवया पुढे आलेल्या, जबडा वाढलेला. नवऱ्याला आपण अशा दिसतो, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. भांडण झालं की तो शपथेवर सांगायचा, मी फक्त मापं घेतो, पदरचं काही घालत नाही. आकडे वाढले की कॅलिपरचा खिळा सैल झाला म्हणायचा. दोनदा त्याने नवा कॅलिपर आणला, तरी आकडे वाढतच गेले.

प्रदर्शनाच्या पत्रकात कुणा विद्वानाने 'सहजीवनाचं धाडसी विरूपण' असं लिहिलं होतं. तिने त्या पत्रकाचा बोळा केला आणि दाराशी अभिप्रायाची वही घेऊन बसली.

तिसऱ्या दुपारी एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. तासभर त्या डोक्यांपाशीच होत्या. पहिल्यापासून नवव्यापर्यंत जायच्या, परत फिरायच्या. मग दाराशी येऊन त्यांनी आधी हिचा चेहरा पाहिला, मग हात.

आपण डॉक्टर आहोत, असं त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"चपला हल्ली मोठ्या लागतात का?"

दोन नंबर मोठ्या लागत होत्या. अंगठी गेल्या वर्षी कापून काढावी लागली होती. डोकं तर रोजच दुखायचं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ती हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांना खेटून, वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली की मोठ्या वयातही हाडं वाढतात, असं त्यांनी समजावलं. इतकी हळू वाढतात, की रोज बघणाऱ्या माणसालाही कळत नाही.

ते ऐकून हिला घाबरायचं सोडून रडूच आलं, आणि ते सुटकेचं होतं. नवऱ्याने तिला कुरूप केलं नव्हतं. जे होतं तेच त्याने घडवलं होतं, आणि इतकी वर्षं ती त्या बिचाऱ्याला बोल लावत होती.

"एक बरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सातव्यानंतर चेहरा वाढलेला नाही. गाठ थांबलेली दिसते. तपासण्या करू, पण आजच धावपळ नको."

शिल्पकार केव्हाचा बायकोच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला येऊन उभा होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"शेवटची दोन खरी नाहीत," तो म्हणाला.

बायको दचकली. हा कधी आला, ते तिला कळलंच नव्हतं.

"सातवं बघून तू दोन दिवस जेवली नाहीस. मग मी आकडे भिंतीवर खरेच लिहिले, पण डोकी जुन्याच मापाची केली."

किती वाढलंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आधीच्या सात वर्षांत मिळून वाढलं नव्हतं तेवढं दोन वर्षांत वाढलंय, हे त्याने खाली बघत सांगितलं. लाडाने केलेली लबाडी, पण त्या लबाडीने दोन वर्षं खाल्ली होती.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी हिला सरळ समोरच्या भिंतीकडे बघायला सांगितलं आणि आपला एक हात बाजूला, तिच्या कानाच्या रेषेच्या जरा पुढे धरला.

"नजर हलवू नका. माझी किती बोटं दिसतात?"

तिने मन लावून समोर पाहिलं.

"कुठली बोटं?" तिने विचारलं.