पोटऱ्यांचं मशीन

त्या शेवटच्या साध्या दुपारी बाबा मशीनला शिव्या देत होते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. जखमेतून रक्त झिरपत असल्यामुळे रक्त पातळ करायचं इंजेक्शन थांबवलं होतं, म्हणून पोटऱ्यांवर हवेचे पट्टे बांधले होते. ते फुगायचे, आवळायचे, सुटायचे. शिरांत रक्ताची गाठ धरू नये म्हणून.

"खडकीच्या फॅक्टरीत जन्म गेला," बाबा म्हणाले, "पण इतकं मला साहेबांनीही दाबलं नाही."

"काका, हे बंद पडू द्यायचं नाही हं," सिस्टर कल्याणीनं पट्टा नीट केला. "चालायला लागेपर्यंत रक्त हेच फिरवणार."

ती गेली. माझ्या धाकट्या भावाचा, अभयचा, फोन बंद पडत आला होता. पलंगापाशी सॉकेट एकच. त्यानं मशीनचा प्लग काढून चार्जर लावला.

"माझ्यापेक्षा तुझा फोन जास्त आजारी दिसतोय."

"जरा वेळच हो, बाबा."

मशीन गप्प झालं, तसा बाबांचा डोळा लागला. चार्जर तिथेच राहिला. मी शेजारी पुस्तक वाचत बसले होते.

संध्याकाळी पाळी बदलली. नव्या सिस्टरनं गप्प मशीन पाहिलं. डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं असेल, असं धरून ती पुढच्या पलंगाकडे गेली.

सकाळी बाबांना उभं केलं. पाऊल उचलताच त्यांनी माझं मनगट पकडलं, नखं आत रुतेपर्यंत. तोंड उघडं होतं, पण हवा आत जात नव्हती. ओठ काळेनिळे पडले आणि ते फरशीवर आदळले. कल्याणी धावत आली. ती त्यांची छाती दाबू लागली, तशा बरगड्या मोडल्या. तो आवाज मी ऐकला. ती थांबली नाही. बाबांच्या तोंडातून गुलाबी फेस आला. शेवटी डॉक्टरांनीच तिचे हात बाजूला केले. पायातली गाठ फुप्फुसात गेली, म्हणाले.

अभयनं सलाईनचा स्टँड उचलला. आधी खिडकीच्या काचा फुटल्या, मग कल्याणीचं तोंड.

"मशीन का बंद होतं? बोल!"

दर शब्दाला फटका. तिचे दात फरशीवर पडले. वॉचमननी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. वॉर्डातल्या मावशींनी बाबांचं सामान पिशवीत भरून माझ्या हातात दिलं: चष्मा, कवळी, चार्जर.

"तिनंच मारलं बाबांना," अभय घरी म्हणत राहायचा. त्याला खरंच आठवत नव्हतं की काय, मला कधी कळलं नाही.

चौकशीला रुग्णालयाच्या सभागृहात सगळे कर्मचारी होते. अभय जामिनावर सुटून माझ्या शेजारी बसला होता. अधीक्षक नवे नियम सांगत होते. मशीनला वेगळं सॉकेट असेल, त्यात दुसरं काही लागणार नाही. पाळी बदलताना दोघी सिस्टरनी पट्ट्याला हात लावून बघायचं. मशीन गप्प दिसलं तर विचारायचं, गृहीत धरायचं नाही.

"आणि त्या दिवशी प्लग सिस्टर कल्याणींच्या पाळीत निघाला, तो त्यांनीच काढला असं दिसतंय. त्यांना कामावर ठेवता येणार नाही."

कल्याणीचा जबडा तारेनं बांधलेला होता. तिनं नुसती मान हलवली: नाही.

मी उठले. अभयनं माझं मनगट धरलं, बाबांनी धरलं होतं तिथेच.

"ताई, बस खाली."

"प्लग माझ्या भावानं काढला," मी म्हणाले. "फोन चार्ज करायला. मी तिथेच बसले होते."