उधाण आणि भांग

सातपाटीत धीरजचं नाव होतं ते कॉम्प्युटरमुळे. घरात सगळ्यांचा जन्म होडीवर गेला. हा मात्र पालघरला गणित शिकला आणि बोईसरच्या एका कारखान्यात संगणक विभागात लागला. पण त्याचा खरा अभिमान नोकरीचा नव्हता. भरती-ओहोटीची आणि लाटांची गणितं करणारी एक लायब्ररी होती, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, कुणालाही फुकट वापरता येणारा. तिचा गाभा जुन्या फोरट्रान भाषेत. नव्या पोरांना ती भाषा येईना, म्हणून धीरजने सुट्ट्या घालवून पायथन या त्यांच्या ओळखीच्या भाषेतून ती गणितं चालवणारा इंटरफेस लिहिला होता. फंक्शनांना नावं दिली तीही वडिलांच्या तोंडची: मोठ्या भरतीला उधाण, लहान भरतीला भांग. परदेशातले संशोधकही इंग्रजी अक्षरांत ‘उधाण’ टाइप करतात, हे तो पाहुण्यांना हटकून सांगायचा.

पुढे पायथन बदलत गेलं, इंटरफेस होता तिथेच राहिला. नव्या पायथनवर तो चालेना. तक्रारी आल्या की धीरज “या महिन्यात करतो” असं लिहून मोकळा व्हायचा.

अशात धाकट्या भावाचं, ललितचं लग्न झालं. रुचिता एडवणच्या बागायतदारांची मुलगी, घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी. एकदा जेवताना ती म्हणाली, “भाऊजी, तुमचा इंटरफेस मी नव्या पायथनसाठी पुन्हा लिहून बघितलाय. आज पाठवलाय. तुम्ही बघाल ना?”

“बघतो,” धीरज म्हणाला आणि ताटातल्या माशाचे काटे काढत बसला.

त्याने त्याच दिवशी बघितलं. जिथे त्याला पानभर कोड लागला होता तिथे तिने चार ओळींत भागवलं होतं, आणि ते चालतही जास्त वेगाने होतं. दोष शोधायला म्हणून तो पुन्हा वाचत गेला आणि पुन्हा तेच दिसलं. मग त्याने ते काम नुसतं पडू दिलं. इकडे लायब्ररीवरची बाकीची मंडळी रुचिताचं कौतुक करू लागली. मासळी बाजारात त्याची आई जयवंती शेजारणींना सांगताना त्याने ऐकलं, “माजी सून पन त्येच करते. अन् धीरजहून झटपट करते हां!” तो मागच्या मागे फिरला.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. रुचिताने जुनी नावं सरसकट काढून नवी इंग्रजी नावं घातली होती. हे बाहेर पडलं की लोकांचे जुने प्रोग्राम बंद पडणार होते. एका ओळीत सांगता आलं असतं. लायब्ररीच्या मंडळींनी त्याचं मत विचारलं तेव्हा त्याने लिहिलं, “हरकत नाही.”

नवी आवृत्ती निघाली आणि ओरड सुरू झाली. कुणाचा प्रबंध अडकला, कुणाचा भरतीचा अंदाज निघेना. लोकांनी रुचिताला धारेवर धरलं. धीरजने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकेक तक्रार चवीने वाचली आणि आणखी एक चहा मागवला. तेवढ्यात लायब्ररीच्या प्रमुख बाईंचा निरोप आला: ‘जुना इंटरफेस तुमचा आहे. नवा मागे घ्यायचा का, तुम्हीच ठरवा.’

रविवारी रुचिता गच्चीवर आली. तो लॅपटॉप घेऊन बसला होता.

“भाऊजी, जुनी नावं काढली की सगळ्यांचं बंद पडेल, हे तुम्हाला दिसलं नव्हतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते जमेना. “दिसलं होतं.”

“मग?”

त्याने नजर लॅपटॉपकडे वळवली.

“तुम्ही बघताय म्हणून मी निर्धास्त होते,” ती म्हणाली आणि खाली सासूबरोबर बोंबील वाळत घालायला निघून गेली.

धीरजने उत्तर लिहायला घेतलं: ‘मागे घ्या.’ पाठवणार, तोच त्याच्या मनात आलं, मागे घेऊन काय होणार? आपला इंटरफेस नव्या पायथनवर चालत नाहीच. उद्या दुसरा कुणीतरी तो लिहील, आणि त्याला उधाण-भांग कुणाचे शब्द हे विचारावंसंही वाटणार नाही. रुचिताचं काय होईल, हा विचार तेव्हाही त्याच्या डोक्यात नव्हता. त्याला फक्त आपली नावं जाताना दिसत होती.

त्याने ते शब्द पुसले आणि कामाला लागला. जुनं नाव वापरलं तर आतून रुचिताचंच नवं फंक्शन चालेल, अशी सोय त्याने केली. सोबत एक इशारा दाखवावा लागणार होता. तोही त्यालाच लिहावा लागला: ‘हे नाव लवकरच बंद होईल.’

ऊन उतरल्यावर त्याने ते रुचिताला दाखवलं. तिने उभ्याउभ्याच तपासलं, चालवून बघितलं.

“चालतंय. हे आधीच सांगितलं असतंत तर.” तिने तो इशारा पुन्हा वाचला. “मुदत किती ठेवायची?”

“एक वर्ष पुरे.”

“तीन ठेवूया. लोकांना सवय झालीय तुमच्या नावांची.”

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिला इतकं सहज देता येत होतं, हेच त्याच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी ओरड थांबली. धीरज कामावर निघताना आईने विचारलं, “निस्तरलं काय रे ते? कोनी केलं?”

“रुचितानं,” तो म्हणाला आणि त्याने बाईक सुरू केली. वाटेतलं उमरोळी मागे पडेपर्यंत, आपण असं का बोललो, याचाच त्याला राग येत राहिला.