तांबडीची धार

मित्रांनो, बोंडलं म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं, यातच माझं वय कळलं. वाटीएवढं भांडं, त्याला पुढे निमुळती चोच, आणि त्या चोचीतून तान्ह्या बाळाच्या तोंडात थेंब थेंब दूध. एवढाच माझा संसार. मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. पोटात कल्हई, पाठीला एक पोचा आणि स्वभाव जरा फटकळ. ऐकणार असाल तर नीट बसून ऐका, मध्येच उठून पळायचं नाही.

पालघरच्या बाजारात एका तांबटानं मला घडवलं. त्याच्या हातोडीचे ठोके खाताना जीव नकोसा झाला होता. पण माणूस भला. चोच अशी काढली की बाळाच्या हनुवटीवर थेंब ओघळायचा नाही. केळव्याच्या एका वाडीत राहणाऱ्या जमनाला मुलगा झाला, तेव्हा तिच्या आईनं बाळंतविड्यात अंगडी-टोपडी आणि मला धाडलं. त्या मुलाचं नाव पंढरी.

जमनाच्या घरी एक रीत होती. घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलाच्या वाटणीचं दूध चुलीवर चढवायचं नाही. सांजेला गोठ्यात धार काढायला बसलं की पहिली धार थेट माझ्यात. वर फेस, अंगाला ऊब, आणि तसंच ते बाळाच्या ओठाला. दूध उतू जाऊन चुलीत पडलं तर गाईची कास जळते, अशी जमनाला धास्ती होती. त्या दुधावर पंढरी चांगला बाळसेदार झाला. शेजारणी विचारायच्या, "जमने, पोराला काय घालतेस गं?" जमना हसून मला पुढे करायची. काय तो माझा तोरा! मला वाटायचं, हे पोर मीच वाढवलं.

पुढे पंढरी मोठा झाला आणि मी फडताळात गेले. तो बोईसरच्या एका कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, पुष्पलता सून म्हणून घरात आली. चौऱ्याहत्तरच्या सुमारास त्यांना मुलगी झाली. हंसा. गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. ती रांगायला लागली तेव्हा पुष्पलता दुखण्यानं अंथरुणाला खिळली आणि तिचं अंगावरचं दूध आटलं. जमनानं मला बाहेर काढलं, चिंचेनं लखलखीत घासलं आणि नवी कल्हई करून घेतली. मी पुन्हा कामाला लागले. आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू?

त्याच दिवसांत गोठ्यातली तांबडी गाय गाभडली. दिवस भरायच्या आधीच वासरू मेलेलं जन्मलं. तांबडीची कास दुधानं भरलेली, पण ती पान्हा सोडीना. नुसती हंबरायची आणि दाराकडे बघायची. जमनाला ते बघवेना. एका सांजेला तिनं हंसाला काखेत घेऊन गोठ्यात नेलं आणि गाईच्या पुढ्यात बसवलं. तांबडीनं पोरीला हुंगलं. मग खरखरीत जिभेनं तिचं जावळ चाटलं. आणि काय सांगू, मित्रांनो, सड भरून आले आणि दूध आपसूक झरू लागलं. हंसा खिदळत होती. जमनाच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

"बघ गो, हिनं पोरीला पोटची मानली," अंथरुणातून उठून दाराशी आलेल्या सुनेला ती म्हणाली. "आता हिचं दूध हंसाचंच. वासराचा वाटा तिचा."

पुष्पलता दबकतच बोलली, "आई, मी जरा तापवून देऊ? माझ्या माहेरी तापवायचे."

"आयती गरम धार हाय, तिला परत कशाला जाळतेस? आनि हिचं वासरू गेलंय. आता कास पन जाळायची काय? पंढरीला काय झालं सांग. यानंच वाढवला नाय मी त्याला?"

पंढरीही आईच्या बाजूनं झाला. छाती पुढे काढून म्हणाला, "मी काय वाईट निपजलो?" सुनेनं तापवायचा विषय सोडून दिला.

रोज सांजेला तसंच चालू राहिलं. हंसा भिंत धरून उभी राहू लागली, मग पावलं टाकू लागली. तिची पहिली वाट गोठ्याकडे. "हम्मा, हम्मा" करत जायची आणि तांबडीच्या गळ्यात हात टाकायची. आजी, नात आणि गाय तिघी कशा सुखात होत्या!

मग हंसाला ताप येऊ लागला. सांजेला अंग तापायचं, पहाटे घामानं झबलं ओलंचिंब व्हायचं. चार दिवस जायचा आणि पुन्हा यायचा. कोणी म्हणालं दात येतायत, कोणी म्हणालं दृष्ट लागली. जमनानं मीठ-मोहरी उतरवली, काढे दिले. पोर वाळत चालली. जमना म्हणायची, "अशक्त झालीय माझी बाय, दूध वाढवू या." म्हणून मी दोनदा भरू लागले. दूध पांढरंशुभ्र, वास गोड. कोणाला शंका यावी? रोग काही तोंडाला काळं फासून येत नाही.

एके सकाळी हंसानं उभं राहायला नकार दिला. मांडीला हात लावला की किंचाळायची. पंढरीनं कामावर खाडा केला आणि सगळे एसटीनं पालघरला निघाले. वाटेत पोरीला लागेल म्हणून जमनानं मला फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हंसाचं पोट दाबून पाहिलं, पाय हलकेच वळवून पाहिला. मग विचारलं, "दूध कुठलं पाजता?"

"घरच्या गाईचं," जमना अभिमानानं सांगू लागली. "अगदी ताजं. चुलीला दाखवत पन नाय."

बाईंचा हात थांबला. "गाय मध्यंतरी गाभडली होती का?"

जमनानं सुनेकडे पाहिलं. पुष्पलतानं हो म्हटलं.

"गाई ज्या रोगानं गाभडतात, तो रोग दुधातून माणसाला होतो," बाई म्हणाल्या. "रक्त तपासायला मुंबईला पाठवते, पण मला तोच संशय आहे. तो हिच्या खुब्यात उतरलाय. एक चांगली उकळी आली असती, तर तो मेला असता."

"आनि माझ्या पंढरीला कसं काय नाय झालं?"

"तेव्हाची गाय निरोगी असेल, आजी. नशीब म्हणा. पण नशिबावर लेकरं वाढवायची नसतात."

परतीच्या एसटीत जमनानं मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की पाठीचा हा पोचा त्याच दिवसाचा. तपासणीत तोच रोग निघाला. तांबडीच्याही रक्तात निघाला. गुरांच्या डॉक्टरांनी तिला वेगळी बांधायला सांगितलं, म्हणून वाडीच्या दुसऱ्या टोकाला तिच्यासाठी छप्पर घातलं. सांज झाली की ती तिकडून हंबरायची आणि इकडे हंसा आजीच्या खांद्यावर "हम्मा, हम्मा" करून रडायची. तांबडी मरेपर्यंत ते चालू होतं. त्या मुक्या जनावराचा काय अपराध? तिनं तर माया केली होती.

औषधं महिनोन् महिने चालली. ताप गेला, हंसा वाचली. पण खुबा धरला तो धरलाच. ती चालू लागली ती डाव्या पायानं लंगडत. पुष्पलतानं सासूला एका शब्दानं टोचलं नाही. उलट एकदा म्हणाली, "आई, तुमी मुद्दाम केलं नाय."

"मुद्दाम केलं नाय म्हनून पोरीचा पाय सरळ होतो काय?" जमना म्हणाली. त्या दिवशी तिनं मला माळ्यावर टाकलं.

माळ्यावरची वर्षं काय सांगू? धूळ, कोळिष्टकं आणि वरून टपटपणारं पाणी. कल्हई काळवंडली. खालून पावलं ऐकू यायची. त्यातली हंसाची मी बरोबर ओळखायचे, एक पाऊल जड, एक हलकं. ती शाळेत गेली, मोठी झाली, एडवणच्या घरी सून म्हणून गेली.

शहाण्णव साली ती आपला मुलगा घेऊन माहेरी आली. पोर वरचं दूध पिण्याएवढं झालं होतं. तिनं विचारलं, "आजी, माझं बोंडलं कुठाय?"

"फेकून दे ते," जमना आतून ओरडली. आता ती पार थकली होती.

"त्यानं काय केलं बिचाऱ्यानं?" हंसा म्हणाली आणि तिनं मला खाली काढलं. चिंच लावून घासताना तिचा अंगठा माझ्या पोच्यावरून फिरला. मित्रांनो, मला भरून आलं. कल्हई झाल्यावर तिनं मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि दूध तापवायला निघाली.

"तू बस. मी ठेवते," जमना म्हणाली आणि भिंतीला धरून शेगडीपाशी आली. दूध तापलं, कडेनं बुडबुडे आले, मग सगळं वर चढू लागलं. जमना हलली नाही. दूध भांड्याबाहेर आलं आणि शेगडीवर चरचरलं.

"आई, उतू गेलं!" पुष्पलता धावत आली.

"जाऊ दे. नीट उकळी येते काय, बघत होते मी."

दूध निवल्यावर तिनं ते माझ्यात ओतलं आणि मनगटावर थेंब टाकून पाहिला. बाळाला मांडीवर घेतलं, चोच त्याच्या ओठापर्यंत नेली आणि तिथेच थांबली. तिनं मान वर करून नातीकडे पाहिलं.

"देऊ गो?"

हंसा लंगडत तिच्याजवळ गेली आणि टेकून बसली. "दे, आजी. तुझ्याच हातानं दे."

मित्रांनो, या जुन्या भांड्याचं एक मागणं ऐका. कोणी कितीही मायेनं लहानग्यासमोर दूध धरलं, तरी आधी विचारा, याला उकळी आली का? विचारायला लाजू नका, आणि कोणी विचारलं तर रागावू नका. जमनाच्या घरात माया काही कमी नव्हती. तिथे उकळीच तेवढी राहून गेली होती.