दोन पाळ्यांचा पलंग

इस्त्रीवालीच्या घरी पलंग एकच होता आणि तो कधी गार पडत नसे. नवरा पावाच्या भट्टीवर रातपाळीला. सकाळी तो भुवयांना पीठ माखून घरी येई, तेव्हा ती लाँड्रीत जायला निघालेली असे. दारात गाठ पडे, चार शब्द होत, आणि तिने सोडलेल्या उबेत तो शिरे. संध्याकाळी तीच ऊब तो तिच्यासाठी ठेवून जाई. तिला कधी कधी वाटे, आपलं अर्धवट राहिलेलं स्वप्न हा दिवसा पुढे बघत असणार. कारण हल्ली तिच्याही स्वप्नात पिठासारखं पांढरं काहीतरी सावकाश पडत राहायचं आणि त्यात माणसं न बोलता चालत असायची.

नवरा जन्माने इथला, ती परदेशातून आलेली. तिला नागरिकत्व मिळालं तर तिकडे एकट्या पडलेल्या आईला कायमचं बोलावता येणार होतं. तिचा सगळा जीव त्यात अडकलेला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नणंद येऊन शिकवणी घेऊन गेली. "वहिनी, नियम सरळ आहे. नवरा इथला नागरिक हवा. आमचा दादा आहेच, जरा जास्तच इथला. लग्नाला तीन वर्षं झालेली हवीत, झाली. आणि ती तिन्ही वर्षं दोघं एकत्र राहिलेले हवेत."

"मग राहतोच की आम्ही."

"राहता ना! सूर्य-चंद्र एका आभाळात राहतात तसे."

दोघी पोट धरून हसल्या.

कचेरीत चष्मेवाल्या अधिकारीणबाईंनी आधी नवऱ्याला आत घेतलं, मग त्याला बाहेर बसवून हिला. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं आणि बाईंचा आवाज तिला पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता.

"पलंगावर कुठल्या बाजूला झोपता?"

"भिंतीकडे."

"तुमचे मिस्टरही भिंतीकडेच म्हणाले. मग अलीकडे कोण झोपतं?"

"कोणी नाही. तिकडे धुतलेले कपडे असतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाळ्यांचं सगळं तिने धडपडत सांगितलं.

"म्हणजे तुम्ही दोघं जागेपणी एकमेकांना भेटता तरी किती? एकत्र राहणं म्हणतात ते हे नव्हे, ताई."

ती हळूच म्हणाली, "त्यांना ताप आला होता, तो मला आधी गादीनं सांगितला. ते सांगत नाहीत हो. मी हात ठेवला तर रोजच्यापेक्षा कढत लागली. तशीच भट्टीवर गेले, त्यांना परत घेऊन आले आणि रात्रभर उशाशी जागत बसले."

बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवळला होता.

"मिस्टर बाकावर झोपले होते, उठवून विचारलं, 'बायको दुःखी असली तर तुम्हाला कळतं कसं?' म्हणाले, 'आईची आठवण आली की ही उशी उलटी करून जाते, ओली बाजू खाली. त्या दिवशी मी गुपचूप बशीखाली साखरेचा पाव ठेवून जातो.'"

तो पाव भट्टीवर उरलेला असतो, असंच तिने इतके दिवस धरलं होतं. आणि उशीचं तर कुणालाच कळत नाही असं वाटायचं तिला.

बाईंनी कागदावर शिक्का मारला. "मी होकार दिला आहे. नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी दोघंही या. आणि जागे या."

बाहेर नवरा बाकावर पुन्हा डोळे मिटून बसला होता, तोंड अर्धवट उघडं. तिने हाक मारायला हात उचलला, पण मारली नाही. आज लाँड्रीला सुट्टी घेतली होती. ती त्याच्याशेजारी टेकली. शिपाई येता-जाता बघत होता, बघू दे. दिवसाढवळ्या, माणसांच्या वर्दळीत तिचेही डोळे जड झाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एकाच वेळी झोपले.