उपास आणि उपाशी

मित्रांनो, मी वर्ध्याच्या एका दवाखान्यातली जुनी सोनोग्राफी मशीन. माणसाला ऐकू न येणारा आवाज मी पोटात पाठवते आणि त्याच्या प्रतिध्वनीतून आतलं चित्र पडद्यावर काढते. किती वर्षं मी हे काम केलं! मग नवी मशीन आली आणि मी चादरीखाली कोपऱ्यात गेले.

एके सकाळी नवी मशीन बंद पडली. डॉक्टर सुरभी यांनी माझी चादर ओढली.

पवनारहून काजल आपल्या आईला घेऊन आली होती. भाजी विकणाऱ्या अनुसयाबाई थंडीतापानं कुडकुडत होत्या, उजव्या बरगडीखाली हात दाबून. जीभ मात्र शाबूत.

“इथं काऊन आणलं वं मले? मी का पोटुशी आहो?”

डॉक्टर हसल्या. “मावशी, उपाशी आहात ना?”

“हाव. एकादशी हाय ना!”

उपाशीपोटी पित्ताशय फुग्यासारखं भरलेलं दिसतं. मला ते सुरकुतलेलं दिसलं. आतलं काहीच कळेना.

“मावशी, सकाळी काय खाल्लं?”

“उपासाचंच तं! साबुदाण्याची उसळ, दाण्याचे लाडू.”

काजलनं कपाळावर हात मारला. “माय, उपाशी म्हंजे रिकाम्या पोटी!”

“मंग तसं इचारा नं. जेवली तं नाई मी!”

अशा वेळी रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलावतात. काजलनं पिशवी उचललीसुद्धा. पण डॉक्टरांचं लक्ष अनुसयाबाईंच्या डोळ्यांकडे गेलं. ते हळदीसारखे पिवळे होते.

“थांबा. पित्तनळी तर बघू. मावशी, कुशीवर वळा. श्वास धरा.”

मी जुनी होते, पण सगळा जीव लावून ऐकलं. आणि दिसलं! नळी फुगलेली, तिच्या टोकाशी पांढरा खडा, खड्यामागे काळी सावली.

“खडा अडकलाय, नळीत जंतू झालेत. उद्यापर्यंत थांबलो तर विष रक्तात पसरेल. आत्ताच मोठ्या रुग्णालयात न्या.”

त्याच दिवशी तोंडातून दुर्बीण घालून तिथल्या डॉक्टरांनी खडा काढला. मागे साचलेला पू वाहून गेला.

काही दिवसांनी अनुसयाबाई स्वतःच्या पायांनी आल्या. माझ्यापुढे वांगी ठेवून म्हणाल्या, “हे तुले. खात नसशीन तं डॉक्टरीणबाईले देजो!” त्या दिवसापासून माझ्यावर चादर पडलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची निगा राखा. पण त्याआधी आपल्या माणसांकडे बघा. थंडी वाजून ताप, पोटात कळ, पिवळे डोळे दिसले, तर आई “पित्त झालं असंल” म्हणेल. तिचं ऐकू नका. त्याच दिवशी घेऊन या. पाहायला मी आहे.