पाच अंशांचा फरक

लडाखमधल्या आमच्या झंस्करच्या हिवाळ्यात घर सगळ्यात स्वस्तात कशानं ऊबदार राहतं, याचा हिशोब मी आठवडाभर मांडत होते. रॉकेलची शेगडी, गॅसचा हीटर आणि आमची गोवऱ्यांची चूल. गोवऱ्या जिंकल्या, पण एक आकडा काही केल्या जुळेना. चूल संध्याकाळीच विझते. माझ्या गणितानं सकाळी स्वयंपाकघरात बर्फ व्हायला हवा, आणि हंड्यातलं पाणी मात्र रोज पाणीच! तब्बल पाच अंशांचा फरक. थर्मामीटर बदलला, भिंती पुन्हा मोजल्या. डोकं फिरायची वेळ आली.

“अमाले, हे शक्यच नाही!” मी आईवर खेकसले.

ती चहात लोणी घुसळत होती. “शेण मोजलंस. शेण देणारी मोजलीस का, शहाणे?”

“म्हातारी गाय ना? मोजली की, खर्चात. दूध नाही, नुसता चारा खाते. बर्फ वितळला की विकायची, असं लिहिलंय.”

“जरा खाली जाऊन ये.”

मी शिडीनं गोठ्यात उतरले. बाहेर उणे बावीस, आणि इथे माझ्या चष्म्यावर वाफ धरली. बारा मेंढ्या आणि ती गाय संथ श्वास सोडत होत्या. तो श्वास वर चढून छताच्या लाकडांत शिरत होता, आणि ते छत म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची जमीन. हिवाळ्यात आम्ही दोघी तिथेच झोपतो. मी चष्मा पुसायचंही विसरले.

गायीचा जुना खुंटा, वर जिथं अमालेचं अंथरूण असतं, त्याच्या खाली होता. तो रिकामा होता. मी सुट्टीला आल्यावर तिनं नवा ठोकला होता, बरोबर माझ्या अंथरुणाखाली.