खरवडलेल्या नावाची तबकडी

मी एक तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. त्या भोकाभोवती एक कागद होता आणि कागदावर नाव होतं. आता तिथं नुसते ओरखडे आहेत. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मला गल्लीगल्लीत वाजवणाऱ्या नाबोरनं ते नाव खरवडलं आणि पुढे तो स्वतःच ते विसरला. मला नाचणारे पुष्कळ भेटले, विचारणारा एकच भेटला. त्याचंच सांगते.

माझा जन्म मेक्सिको शहरातला. 'सालित्रे' नावाच्या बँडचा मी पहिला आणि शेवटचा आल्बम. पाचही पोरं नेसा वस्तीतली. आटलेल्या तळ्यावर वसलेली ही वस्ती. वारा सुटला की इथं जेवणातसुद्धा खारी धूळ येते. फिदेंसिओ हा त्यांचा गिटारवाला, गाणी लिहिणारा आणि गाणाराही तोच. पाण्याचा टँकर कधी येईल याचा वस्तीत नेम नसे. त्याची आई बादल्या मांडून दारात बसून राही आणि तो तिला म्हणे, पाणी आलं की उठव मला. त्याचंच त्यानं गाणं केलं आणि माझी अख्खी एक बाजू त्या गाण्याला दिली.

कंपनीच्या साहेबानं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, एवढं लांब गाणं वाजवलं तर रेडिओवाला जाहिराती कधी लावणार? स्वप्नात?"

"कापायचं नाही," फिदेंसिओ म्हणाला.

"मग बस पाणी भरत!"

साहेबाचं म्हणणं खरं ठरलं. त्यातच एका मोठ्या मैदानी जलशानंतर सरकारला लांब केसांच्या पोरांची धास्ती बसली आणि रेडिओवरून असली गाणी गायबच झाली. दुकानदारांनी आम्हाला खालच्या फळीवर ढकललं, मग गठ्ठे बांधून परत पाठवलं. माझ्या बहिणी कारखान्यात वितळवल्या गेल्या. त्यांच्यातून 'मारियाची' ढंगाची लोकगीतं गाणाऱ्या एका मिशाळ गायकाच्या तबकड्या निघाल्या आणि त्या म्हणे चांगल्या खपल्या. मी तेवढी वाचले, कारण मी फिदेंसिओची स्वतःची होते. पण त्याला धीर कुठला? "एकदा तरी लावा," असं विनवून तो मला रेडिओवरच्या एका निवेदकाच्या हाती देऊन आला. निवेदकानं मला ऐकलंही नाही. त्याच्या बायकोनं घर आवरलं तेव्हा मी भंगारात गेले.

भंगारातून मला उचललं ते नाबोरनं. नाबोर सोनिदेरो. म्हणजे ज्याचे कपाटाएवढे कर्णे गल्लीत लागले की लग्न असो, बारसं असो, सगळी गल्ली नाचते, तो माणूस. सोनिदेरोची सगळी इज्जत दुसऱ्याकडे नसलेल्या गाण्यावर. चढाओढ करणाऱ्यांची माणसं नाचायच्या मिषानं येत आणि मान वाकडी करून तबकडीवरचं नाव वाचत. म्हणून नाबोरनं मला ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि तिथल्या तिथे खिळ्यानं माझं नाव खरवडून टाकलं. बाजूला कोरलेले बारीक आकडेही त्यानं सोडले नाहीत. वेष्टण चुलीत गेलं. मग त्यानं यंत्राचा वेग उतरवला. फिदेंसिओचा कोवळा आवाज जड झाला, खोल विहिरीतून आल्यासारखा. तशा संथ चालीवर जोडपी झुलू लागली आणि सगळ्या नेसाला मी पाठ झाले. माझं नाव पडलं 'नाबोरचं गाणं'.

फिदेंसिओनं गिटार विकली होती. तो टायरांचे पंक्चर काढायचा आणि कुठलंही गाणं ऐकू आलं की उठून जायचा, म्हणून मी त्याच्या कानावर कधी पडलेच नव्हते. आपण एकदा आल्बम काढला होता, हे त्यानं मुलीला, नोएमीला, सांगितलं होतं. तिला ती थाप वाटे. दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

नोएमी पंधरा वर्षांची झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे गल्लीत मांडव पडला. बापानं मुलीबरोबर पहिलं नृत्य करायचं असतं. नोएमीनं हट्टानं नाबोरला बोलावलं आणि मला मागितलं. सुई माझ्यावर टेकली. दोन पावलं झाली आणि फिदेंसिओ थांबला.

"नोएमी, हे माझं आहे. हे मीच गायलोय."

"पप्पा, आज नको हं! लोक बघताहेत."

तो तडक नाबोरपाशी आला. "नाबोरभाऊ, ही रेकॉर्ड माझी आहे. हिच्यावर नाव आहे, बघा."

नाबोरनं मला उचललं, उजेडात फिरवलं. ओरखडे चमकले. तो बिचारा खोटं बोलणारा नव्हता. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं.

"नाव होतं खरं. पण मीच खरवडलं ना! आता मला हो म्हणता येत नाही अन् नाही म्हणता येत नाही."

"मी पुढची ओळ म्हणून दाखवतो."

"ती तर माझा नातूपण म्हणतो, दादा."

"मग उलटा तिला! मागे छोटी गाणी आहेत, पहिलं कुत्र्याच्या भुंकण्यानं सुरू होतं. हे कोणाला माहीत आहे?"

भुंक, म्हटलं, एकदा भुंक! पण ती बाजू कधी कुणी वाजवलीच नव्हती. वेष्टणावाचून वर्षानुवर्षं खाऱ्या धुळीत घासून तिच्या रेषा गेल्या होत्या. कर्ण्यांतून नुसती खरखर आली. माणसं ओरडू लागली, "गाणं लावा!"

नाबोरला त्याची दया आली. सोनिदेरो गाण्याच्या आधी कुणाकुणाला नमस्कार पोचवतो, तसा त्यानं माइक धरला. "हे गाणं नोएमीच्या वडिलांना, जे म्हणतात की हे त्यांनीच गायलंय!"

गल्ली खो खो हसली. नोएमीही हसली, मग लाल होऊन खाली बघू लागली. फिदेंसिओनं तिचा हात धरला आणि नाच पुरा केला. त्याचे ओठ हलत होते, पण माझ्या खऱ्या वेगानं. त्याचं गाणं माझ्या कितीतरी आधी संपलं.

नंतर तो कधी आला नाही. मीच गेले त्याच्याकडे. तो वारला, तेव्हा नोएमीनं नाबोरला दारात बोलावलं. तिचे डोळे सुजले होते.

"काका, तेच लावा. पप्पांना फार आवडायचं. वेडे होते, म्हणायचे माझंच आहे."

नाबोरनं माझ्याकडे पाहिलं आणि मला यंत्रावर ठेवलं. वेग तसाच उतरवलेला ठेवला, कारण लोकांना तीच सवय. शवपेटीजवळ फिदेंसिओचाच आवाज, ओळखू न येणारा, आईला सांगत होता, पाणी आलं की उठव मला.

आता मी खोक्यात आहे आणि माझ्या या बाजूचीही रेघ झिजत आली आहे. कुणाच्या हाती लागले तर एकदा मला माझ्या वेगानं वाजवा. तो आवाज ओळखणारं कुणी उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाजवा.